होस्टेलवर मऊ भात कोण आणून देणार?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा विद्यापीठाच्या वसतिगृहात चार दिवस तापाने पडून होता. खोलीत तिघे. एक जण गावी गेलेला. दुसऱ्याला वाटलं, हा रात्री अभ्यास करतो म्हणून दिवसा झोपतो. पाचव्या दिवशी मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "तो उंच पोरगा जेवायला का येत नाही रे?" तेव्हा कुठे खोलीतल्या मुलाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. वेळेत सलाईन लागलं, पोरगा वाचला, दहा दिवसांनी घरी आला.

खरी गोष्ट घरी आल्यावर कळली. ताप येण्याच्या आधी तीन आठवडे तो वर्गातच गेला नव्हता. पहिल्या इंटर्नलला वीसपैकी चार मार्क पडले होते आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले गेले होते. त्या दिवसापासून तो सकाळी अंघोळ करायचा, बॅग घ्यायचा, कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसायचा आणि दुपारी खोलीवर परत यायचा. घरी फोनवर एकच वाक्य, "सगळं बरं चाललंय." ताप निदान पाचव्या दिवशी कोणाच्या तरी हाताला लागला. हे दुसरं दुखणं महिनाभर कोणाच्याच लक्षात आलं नाही. आमच्याही नाही, आणि आम्ही तर दर आठवड्याला त्याच्याशी बोलत होतो.

आम्ही म्हणजे वस्तीतली सात-आठ जणं. कोणी पदवी घेऊन नोकरीला लागलेले, कोणी अजून शिकणारे. एक ताई नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाकी कोणी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. रविवारी विहारात वंदना झाली की दहा ते बारा सतरंजीवर बसतो. तिथे कॉलेजला जाणारी पोरं येतात, आपसांत अभ्यास करतात, बोलतात. चार वर्षं हे चाललं आहे. त्यात काय जमलं आणि काय चुकलं, ते घरोघरच्या आई-बाबांना आणि पोरांना कळावं म्हणून या वेळचं आरोग्याचं पान.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. भगवान बुद्ध आनंदांना बरोबर घेऊन फिरताना तिथे आले. पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना एकत्र बोलावून विचारलं, याची सेवा कोणी का केली नाही? उत्तर आलं की हा कोणाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. त्यावर बुद्धांनी त्यांना समजावलं की तुमचे आई-वडील इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिलं नाही तर दुसरं कोण पाहणार.

हा प्रसंग आपण आजाऱ्याच्या सेवेसाठी सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण वसतिगृहात राहिलेल्या माणसाला त्यातलं ते उत्तर जास्त टोचतं. जो नोट्स देतो, ज्याच्याकडे गाडी आहे, जो हसवतो, त्याच्या खोलीत सगळे जमतात. जो गप्प आहे, ज्याच्याकडे चहाचे पैसे नाहीत, ज्याचं इंग्रजी अडखळतं, तो कोणाच्या उपयोगाचा नाही. त्याच्या खोलीचं दार आतून लागलेलं असलं तरी कोणी वाजवत नाही. आणि आपली पोरं बहुतेकदा याच दुसऱ्या बाजूला सापडतात.

अंगावर काय काय असतं

घरातून पहिल्यांदाच कोणी विद्यापीठात गेलेलं असतं. क्रेडिट म्हणजे काय, ऐच्छिक विषय कसा निवडायचा, सरांना भेटायला त्यांच्या केबिनमध्ये गेलं तर चालतं का, हे ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकल्या त्यांना आपोआप कळतं. आपल्याकडे ते विचारायचं कोणाला, इथून सुरुवात. बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता पहिल्या तासापासून इंग्रजी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरलेला, पैसे कधी येतील याचा पत्ता नाही, मेसचं बिल मात्र दर महिन्याला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांची मजुरी बुडते. त्यात कोणीतरी हसत हसत विचारतं, "तुझी रँक किती होती रे?" विचारणाऱ्याला रँक नको असते, जात हवी असते.

हे पोरांच्या मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते का, हे पाहण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल २००७ चा आहे. वर्गात, वसतिगृहात, खेळात, तोंडी परीक्षेत कसा दुजाभाव होतो ते त्यात लिहिलं आहे. पुढे १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. २०१९ मध्येच राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कॅम्पसवरचा जातिभेद थांबावा म्हणून.

इथे एक सांगितलं पाहिजे. ही नावं आपण सभेत घेतो, घेतलीच पाहिजेत. पण जे पोरगं आज स्वतःच खचलेलं आहे, त्याच्यासमोर बसून या मृत्यूंचं वर्णन करत राहू नये. त्याला त्यातून वाट बंद दिसते. त्याला सांगायचं ते त्या दोघी आयांविषयी, थोरात समितीविषयी, आणि ज्या वरच्या वर्गातल्या ताई-दादांनी हेच सोसून डिग्री घेतली त्यांच्याविषयी. आम्हाला हे उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आमच्या बैठकीत इतकी जड भाषणं झाली की दोन मुली घरी जाऊन रडल्या आणि परत आल्या नाहीत.

अठरा तासांची गोष्ट

जयंतीच्या आधी विहारात अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. लहानथोर सगळे बसतात. वर्षातून एक दिवस ते अभिवादन म्हणून फार चांगलं आहे. पण आमच्यातल्या काही पोरांनी ते रोजचं वेळापत्रक म्हणून घेतलं. रात्री दोनला झोपायचं, सहाला उठायचं, मध्ये चार कप चहा आणि कोणाकोणाला पुडी. महिनाभरात डोकं दुखायला लागतं, वाचलेलं उरत नाही, चिडचिड होते, आणि पोरगं स्वतःलाच म्हणतं, माझं डोकंच कमी आहे.

डोकं कमी नसतं, झोप कमी असते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम बरंचसं झोपेत होतं. तरुण माणसाला सात-आठ तास झोप लागतेच. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून जे कोंबलं ते पेपरात कसंबसं उतरतं आणि आठवड्यात उडून जातं. पुढच्या सेमिस्टरला त्याच्यावरचा धडा आला की पाटी कोरी.

बाबासाहेबांच्या अभ्यासाविषयी आपण सगळं सांगतो, त्यांच्या मित्रांविषयी फारसं सांगत नाही. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा वसतिगृहात त्यांना नवल भाथेना नावाचा पारशी मित्र भेटला. ही मैत्री जन्मभर टिकली. लंडनचं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये बाबासाहेब परत निघाले तेव्हा भाथेनांनी पैशाचीही मदत केली. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही परक्या देशात एक सोबती लागला. मग आपल्या पोराने "मला कोणाची गरज नाही" असं का म्हणावं?

एकटं बसणं आणि मिळून बसणं

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या तरुण शिक्षकाला एक प्रश्न पडला. शाळेत हुशार ठरलेली काळी मुलं विद्यापीठात आल्यावर कॅल्क्युलसमध्ये का मागे पडतात? विद्यापीठातले लोक आपापली कारणं सांगत होते. घरची गरिबी, शाळा कच्ची, मुलांना इच्छा नाही. ट्राइसमनने कारणं मोजत बसण्याऐवजी मुलांबरोबर राहून पाहिलं. चिनी वंशाची मुलं आणि काळी मुलं कशी अभ्यास करतात ते तो त्यांच्या खोल्यांपर्यंत जाऊन पाहत राहिला. फरक मेहनतीत नव्हता. काळी मुलं तासन् तास अभ्यास करत होती, पण एकटी. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं सोडवायची आणि मग एकत्र बसून ताळा करायची. एखादं गणित कोणालाच आलं नाही की त्यांना कळायचं, हे गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला तेच गणित आलं नाही की वाटायचं, मलाच येत नाही.

ट्राइसमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. त्याला त्याने कच्च्या मुलांची शिकवणी असं रूप दिलं नाही. उलट वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. मुलांचे निकाल खूप सुधारले, आणि पुढे अमेरिकेतल्या इतर अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

आपल्याकडे "रेमेडिअल"चा तास लागतो तेव्हा त्या पाटीखाली जाऊन बसायला पोरांना लाज वाटते. सगळ्या कॉलेजला कळतं कोण कुठे बसलं. आम्हीही तेच केलं होतं. विहाराच्या फळ्यावर प्रत्येकाचे मार्क लिहिले, म्हणजे पोरं पेटून उठतील असं वाटलं. पेटलं कोणी नाही. एक मुलगी यायची बंद झाली, तिच्या आईने दारात उभं राहून आम्हाला सुनावलं आणि बरोबर सुनावलं. आता फळ्यावर मार्क नसतात. फळ्यावर त्या आठवड्यात कोणालाही न आलेला प्रश्न असतो.

आम्ही बसतो कसे, ते थोडक्यात सांगतो. तिघं किंवा चौघं, त्याहून जास्त नकोत, नाहीतर दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. आधी वीस-पंचवीस मिनिटं जो तो आपला धडा वाचतो. मग पुस्तक बंद. बंद म्हणजे खरंच बंद, मांडीखाली. आता वाचलेलं एकाने मराठीत सांगायचं, आपल्या घरच्या भाषेत, जशी आईला गोष्ट सांगतो तसं. दुसऱ्याने मध्ये मध्ये विचारायचं, "म्हणजे काय?" जिथे अडलं तिथे पुस्तक उघडायचं. शेवटी तेच पाच-सहा ओळींत इंग्रजीत लिहायचं, चुकलं तर चुकलं. दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा परत तसंच, पुस्तक न उघडता.

हे आमच्या मनाचं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. गंमत अशी की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास जास्त होता. गाईडच्या ओळींवर पिवळी शाई मारत बसणाऱ्या आमच्या दोस्तांना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठवडाभर आमच्याशी अबोला धरला.

मराठीत आधी बोलायला लाजू नका, एवढं पोरांना सांगावंसं वाटतं. समजायची भाषा आपली आणि पेपरची भाषा त्यांची. दोन्हींच्या मध्ये एक पूल लागतो, तो सोबत्यांबरोबर बोलूनच तयार होतो.

आधी रक्त तपासा

"पोरगी आळशी झाली, सारखी झोपते, लक्ष लागत नाही." असं ऐकलं की आमची नर्सिंगवाली ताई पहिला प्रश्न विचारते, हिमोग्लोबिन किती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. वसतिगृहात मुली सकाळचा नाश्ता सोडतात, पाळीत जास्त जातं ते कोणाला सांगत नाहीत, आणि दम लागला की अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देतात. थायरॉईडचंही तसंच, त्यातही थकवा आणि उदासी येते. सरकारी दवाखान्यात या तपासण्या होतात. रक्त कमी असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्याव्यात.

तपासणीत काही निघालं नाही तरी त्रास खोटा ठरत नाही. मग मनाकडे वळायचं. परीक्षेच्या आधी दोन-चार दिवस पोटात गोळा येणं, झोप उडणं हे सगळ्यांना होतं आणि पेपर संपला की जातं. काळजी करायची ती वेगळ्या वेळी. दोन आठवडे झाले तरी मन उदासच आहे. आवडीच्या गोष्टीत, क्रिकेटमध्ये, गाण्यात रस राहिला नाही. झोप एकदम गेली किंवा एकदम वाढली. जेवण तुटलं. अंघोळ, कपडे यांकडे लक्ष नाही. वर्ग बुडतात, फोन उचलला जात नाही. दारू नव्याने सुरू झाली. "मी सगळ्यांना ओझं आहे" असं बोलणं आलं. कोणी आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला. यातलं एखादंच असेल तर घाबरू नका, पण दोन-तीन एकत्र दिसली तर त्या माणसाजवळ जाऊन बसायची वेळ आली आहे.

विचारायचं कसं

आमच्या ताईचं आणि एका पहिल्या वर्षाच्या मुलीचं फोनवरचं बोलणं असं झालं होतं. मुलीची परवानगी घेऊन लिहितो.

"जेवलीस का गं?"

"हो ताई."

"काय होतं आज मेसला?"

पलीकडे गप्प.

"बरं, काल काय होतं?"

"ताई, मी दोन दिवस खालीच गेले नाही."

पहिल्या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. दुसरा प्रश्न विचारला तर खरं बाहेर येतं. आणि खरं बाहेर आलं की लगेच उपदेश करायचा नाही. "अगं आमच्या वेळी तर", "बाबासाहेबांनी किती सोसलं आणि तू", "मेडिटेशन कर" ही तिन्ही वाक्यं त्या क्षणी दार बंद करतात. आनापान चांगलंच आहे, शांतपणे श्वासावर बसल्याने पुष्कळांना बरं वाटतं. पण उपाशी आणि रडणाऱ्या पोरीला आधी जेवू घालायचं असतं. ताई त्या दिवशी डब्यात मऊ भात आणि वरण घेऊन बसने गेली आणि तिच्या खोलीत तासभर नुसती बसली. बोलणं दुसऱ्या भेटीत झालं.

आता जे सांगतो ते वाचताना अवघड वाटेल. एखाद्याच्या बोलण्यातून जीव नकोसा झाल्याची शंका आली तर सरळ विचारायचं, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात घातला जातो ही भीती चुकीची आहे. डॉक्टरही असंच थेट विचारतात. उलट ज्याच्या मनात ते असतं त्याला पहिल्यांदा मोकळं वाटतं, की कोणीतरी विचारलं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. आजूबाजूला गोळ्या, औषधं, फवारणीचं काही असेल तर हळूच दूर करायचं. घरच्या किंवा वसतिगृहातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. त्रास असलेल्याने स्वतः करावा, किंवा त्याच्यासाठी मित्राने, आईने केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते.

"पोलिसांचं लफडं होईल" म्हणून घरं गोष्ट लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ११५ वं कलम सांगतं की जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाईल आणि त्याला शिक्षा करायची नाही. सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. तेव्हा दवाखान्यात न्यायला एक मिनिटही घाबरू नका.

यात आमच्याकडून मोठी चूक झाली होती. एका मुलाने रात्री आमच्यातल्या एकाला असंच काही सांगितलं आणि शपथ घातली की कोणाला सांगू नकोस. आमच्या दादाने शपथ पाळली. तीन रात्री स्वतः झोपला नाही, त्या मुलाच्या खोलीबाहेर पायरीवर बसून राहिला. चौथ्या दिवशी आम्हाला सांगितलं, आम्ही त्याच्या मामाला बोलावलं, मामाने डॉक्टरकडे नेलं. तो मुलगा आमच्यावर इतका रागावला की पुढे कित्येक दिवस बोलला नाही. तो रागावला तरी चालेल, पण तो आहे. आता आमचा नियम असा की जिवाची गोष्ट असेल तर शपथ घ्यायची नाही, आधीच सांगायचं, "एवढं सोडून बाकी सगळं माझ्या पोटात राहील." दुसरा नियम, कोणीही एकट्याने असं ओझं उचलायचं नाही, दोघांनी मिळून. आमचा तो दादा नंतर स्वतः आजारी पडला होता.

कागद आणि डबा

काही ताण बोलून हलके होतात, काही कागदानेच हलके होतात. जातीवरून कोणी बोललं तर त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि ऐकणारे कोण ते लिहून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाविरुद्ध तक्रार ऐकणारा अधिकारी ठेवायला सांगितलं आहे. तक्रार लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घ्या. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक आहे. एकट्याने ऑफिसात जाऊ नका, सोबत दोघं-तिघं चला. खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज लगेच बदलतो, आम्ही अनेकदा पाहिलं आहे. समुपदेशक कुठे बसतात तेही विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक समुपदेशक ठेवावा असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, लहान शहरांत थोडी कमी. अटी आहेत, कागद बरेच आहेत, म्हणून पोरं वैतागून अर्धवट सोडतात. मागच्या वर्षी ज्याने भरला त्याच्या शेजारी बसून भरला की दोन तासांत होतो.

आमच्याकडे एक पत्र्याचा डबाही आहे. नोकरीला लागलेले महिन्याला शंभर रुपये टाकतात. शिष्यवृत्ती अडकली की मेससाठी त्यातून दोन हजारांपर्यंत उचलायचे, पैसे आले की परत. व्याज नाही, लिहायची वही आहे. दोघांनी परत केले नाहीत. आम्ही मागायला गेलो नाही, कारण मागायला गेलो तर ते तोंड चुकवतील आणि बैठकीलाही येणार नाहीत. यावर आमच्यात दोन मतं आहेत, भांडणही झालं आहे.

घरच्यांसाठी

आई-बाबांनो, एक शब्द शिकून घ्या, एटीकेटी. एखाद-दोन विषय राहिले तरी पोरगं पुढच्या वर्षाला जातं आणि राहिलेला विषय पुढे सोडवतं, त्याला एटीकेटी म्हणतात. किती विषयांची सूट मिळते ते त्या त्या कोर्सवर असतं. घरात याचा अर्थ "नापास झाला" असा घेतला जातो, मग पोरं निकालच लपवतात. लपवलेला निकाल पोराला आतून पोखरतो. विषय राहिला असं तो सांगेल तेव्हा आधी "कोणता?" असं विचारा. "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे खरं असतं, पण ते त्याला रोज आठवत असतं. तेच तर त्याला झोपू देत नाही.

फोन रोज करा, दोन मिनिटांचाच करा. पैशाचा विषय आणि मार्कांचा विषय रविवारी काढा, बाकी दिवशी घरातलं काहीतरी सांगा. नळाला पाणी किती वाजता आलं, मांजरीला पिल्लं झाली, शेजारच्या काकूंनी पुरणपोळी पाठवली. एका मुलीने आम्हाला सांगितलं, तिची आजी रोज फोनवर फक्त भाजीचा भाव सांगायची आणि त्यावरच तिने पहिलं सेमिस्टर काढलं.

तो डेंग्यूचा मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. चार मार्कांचा तो विषय त्याने पुढच्या परीक्षेत सोडवला, अजून एक बाकी आहे. वसतिगृहात त्याच्या खोलीच्या दारामागे थर्मामीटर, पॅरासिटामॉलची पट्टी आणि एक छोटा कुकर असतो. कुकरला परवानगी नाही, ते वॉर्डनना माहीत आहे आणि त्यांनी अजून पाहिलेला नाही. रात्री जेवण झालं की तो मजल्यावरच्या ज्या खोल्यांची दारं बंद असतील ती वाजवत जातो.

या रविवारी विहारात स्वाधारचे अर्ज भरायला बसणार आहोत. येताना आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. दुपारी खिचडी आहे, ताट घरून आणा.